खांबामागची टॅक्सी

मास्तरांना कुणाचा हेवा वाटत नाही, असं त्यांच्या ओळखीतलं कुणीही छातीठोकपणे सांगेल. मास्तर स्वतःही सांगायचे. शेजाऱ्याने नवी गाडी घेतली की हे आपणहून जाऊन चाकांतली हवा बघून यायचे. पलीकडच्या रस्त्यावर दुसरं ड्रायव्हिंग स्कूल निघालं, काचेच्या दाराचं, थंडगार हवेचं, तर मास्तर त्या पोराला जाऊन सांगून आले की नवशिक्यांना कुठल्या गल्लीत नेऊ नको. असा माणूस. आणि अशा माणसाच्या पोटात दुखायला लागलं ते कुणावरून, तर एका मेलेल्या माणसावरून. आता बोला.

मास्तरांचं सगळं आयुष्य गाडीत बाजूच्या सीटवर गेलं. गाडी शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. शिकणारा गडबडला, हातपाय गाळून बसला, समोर ट्रक बघून डोळे मिटून घेतले, तरी काळजी नाही. मास्तरांचा पाय ब्रेकवर आहेच. त्या एका पायाच्या भरवशावर निम्मं शहर गाडी शिकलं. आईच्या आजारपणात लग्नाचं वय निघून गेलं, आई गेली, आणि मास्तर आता असेच राहणार हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. तेवढ्यात ती शिकायला आली.

ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं काम करते. काच घासून फ्रेमच्या मापाची करायची, खाचेत बसवायची, उजेडाकडे धरून बघायची. नवरा अचानक गेलेला, छातीत कळ आली आणि संपलं. त्याची गाडी दारात उभी, आणि हिला चालवता येत नाही, म्हणून आली शिकायला. गाडी इतकी जपून चालवायची की रस्ता ओलांडणारी कुत्रीसुद्धा तिच्यासाठी आधी. मास्तरांना ते फार आवडलं. आपल्यातली आहे, असं त्यांच्या मनाने घेतलं. परवाना मिळाला तरी ती क्लासला येत राहिली आणि मास्तरही काही बोलले नाहीत. पुढे व्हायचं ते झालं. लग्नानंतरही ती त्यांना मास्तरच म्हणते आणि अहो-जाहो करते. जीभ वळली ती वळली.

पहिल्याचा फोटो कुठे ठेवू, असं तिने लग्नाआधी विचारलं होतं. मास्तर म्हणाले, ‘‘ठेवायचा कुठे? भिंतीवर लाव की.’’ खिळाही त्यांनीच ठोकला. या फोटोशी मास्तरांचं कधी वाकडं आलं नाही. फोटो आपला गप्प. कुणाकडे बघून हसत नाही की कुणाला हाक मारत नाही. उलट, येणारे-जाणारे ‘मास्तर, मन मोठं तुमचं’ म्हणायचे, तेव्हा मास्तरांना बरंच वाटायचं. खोटं कशाला सांगू, थोडं जास्तच बरं वाटायचं.

मग एका रविवारी सकाळी तिची नणंद आली. म्हणजे पहिल्या घरची नणंद. ती तिला अजून वहिनीच म्हणते. पण वहिनीच्या दुसऱ्या नवऱ्याला काय म्हणायचं, याला काही शब्दच नाही. भाऊजी म्हणावं तर ते नातं नाही, दादा म्हणावं तर दादा फोटोत. तिने दारातच दोनतीनदा तोंड उघडलं, मिटलं, आणि शेवटी ‘‘मास्तर, जरा धरता का?’’ म्हणून एक खोका त्यांच्या हातात दिला. घर आवरताना माळ्यावर सापडला होता. ‘‘वहिनी, हे तुमचंच. टाकून द्यायचा जीव होईना.’’

खोक्यात एक जुनं व्हिडिओ गेमचं यंत्र होतं. करडं, चपटं, वर झाकण. दोन कंट्रोलर, वायरींचा गुंता आणि एका पिशवीत एकच चकती. मास्तरांना वाटलं, असेल कुणा भाच्याचं. पण बायकोने ती चकती बघितली आणि तिचा चेहरा असा काही उजळला, की मास्तरांनी तो चेहरा यापूर्वी पाहिलेलाच नव्हता. इतक्या दिवसांच्या संसारात, एकदाही नाही.

‘‘गाड्यांच्या मारामारीचा,’’ ती म्हणाली. ‘‘अगं, चालतो का अजून?’’

चालवायला मास्तरच पुढे झाले. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायची हौस. टीव्ही सरकवला, तीन रंगांच्या तीन वायरी तीन रंगांच्या भोकांत घातल्या, चकती शर्टाच्या टोकाने पुसली. पडदा काळा झाला, घरघर झाली, आणि मग ठोकळ्या-ठोकळ्यांच्या गाड्या आल्या. आताच्या खेळांपुढे अगदीच बाळबोध काम. गाडीची चाकं अष्टकोनी, झाडं म्हणजे पुठ्ठ्याचे हिरवे तुकडे, आणि माणसं तर नाहीतच. एक टॅक्सी, एक आगीचा बंब, एक रुग्णवाहिका, एक कचऱ्याची गाडी, शिवाय साध्या मोटारी, आणि प्रत्येकीच्या बोनेटवर तोफ. बंदराच्या आवारात एकमेकींना उडवायचं, शेवटी उरेल तो जिंकला. दोघांनी खेळायचं असेल तर पडद्याचे दोन भाग होतात, वर एकाचा, खाली दुसऱ्याचा. पाहिजे तर दोघांनी एका बाजूने लढायचं, यंत्राच्या गाड्यांविरुद्ध.

‘‘दादा नेहमी टॅक्सी घ्यायचा,’’ नणंद म्हणाली. ‘‘आणि वहिनी कचऱ्याची गाडी. मी आपली तिकडे स्वयंपाकघरात असायचे, पण आतून आरडाओरडा काय, हाका काय. घर डोक्यावर घ्यायचे दोघं. काय जोडी होती म्हणून सांगू तुम्हाला.’’ आणि हे कुणाला सांगतोय ते लक्षात येऊन ती चहाचे कप उचलून आत गेली.

बायको मांडी घालून जमिनीवर बसली होती. तिने चष्मा वर सरकवला आणि कचऱ्याची गाडी घेतली.

पुढे जे झालं ते मास्तर उभ्याउभ्याच बघत राहिले. कुत्र्यासाठी थांबणारी ही बाई. त्या बाईने बंबाला मागून धडक दिली, तो वळायच्या आत त्याच्या कुशीत घुसली, त्याला गोदामाच्या भिंतीवर दाबून धरलं आणि तोफ डागली. एक मोटार अंगावर आली तर हिने रस्ता सोडला नाही, उलट वेग वाढवला. दात-ओठ खात होती. मध्येच ‘‘जातोस कुठे’’ म्हणत होती, मध्येच खदाखदा हसत होती. मास्तरांनी तिला गाडी शिकवली होती, तिच्या शेजारी बसून महिनेच्या महिने काढले होते. ही कोण?

तिथेच ठिणगी पडली. मास्तरांच्या मनात पहिला विचार आला तो असा, की त्याला ही मिळाली होती. ही हसणारी, घुसणारी, ओरडणारी. आणि आपल्या वाट्याला आली ती इंडिकेटर देऊन वळणारी.

तुम्ही म्हणाल, वेडा आहे का हा माणूस? गेलेल्या माणसावर कसलं जळायचं? पण जिवंत माणसाचा हेवा करणं सोपं असतं हो. जिवंत माणूस कधीतरी शिंकतो, चुकतो, म्हातारा होतो, आपल्याला हायसं वाटतं. फोटोतल्याचं काय होणार? तो आहे तिथे, आहे तस्सा. मास्तरांनी त्या संध्याकाळी फोटोकडे पाहिलं आणि त्यांना पहिल्यांदाच वाटलं, हा आपल्याकडे बघून हसतोय.

त्यानंतर दर सुट्टीला संध्याकाळी यंत्र लागायला लागलं. ‘‘मास्तर, या ना, एकटीला मजा नाही येत,’’ ती म्हणायची, आणि मास्तर गुडघे धरून तिच्या शेजारी बसायचे. टॅक्सी घ्यायची नाही, एवढं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. उष्टं नको. त्यांनी रुग्णवाहिका घेतली. आणि ती रुग्णवाहिका बंदराच्या आवारात डाव्या बाजूने, बेताच्या वेगाने फिरायला लागली. वळणावर हळू होई. समोरून गाडी आली की बाजू देई. एकदा तर मास्तर चौकात चक्क थांबले. ‘‘अहो, इथे सिग्नल नाहीये,’’ बायको म्हणाली आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तरांचा उजवा पाय सारखा जमिनीवर आपटायचा, नसलेला ब्रेक शोधत. ती चांगल्या मनाने हसत होती, अगदी चांगल्या मनाने. पण ‘‘असू दे मास्तर, जमेल हळूहळू,’’ हे वाक्य मास्तरांनी उभ्या जन्मात हजारो लोकांना ऐकवलं होतं. ते कुणी आपल्याला ऐकवलं की किती झोंबतं, हे त्यांना आता कळलं.

तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण एक खांब होता.

बंदराच्या एका टोकाला अर्धवट बांधलेला पूल होता, आणि पुलाखाली एक जाडजूड खांब. बायकोचा खेळ ऐन रंगात आला की ती एक गोष्ट हमखास करायची. तीनचार गाड्यांना मुद्दाम डिवचायची, त्यांना मागे लावून घ्यायची, आणि सुसाट त्या पुलाखाली जायची. खांब ओलांडला की गर्रकन गाडी फिरवून उभी राहायची. मागच्या गाड्या एका ओळीत येऊन पोचायच्या. आता खांबामागे कुणी दबा धरून असता, तर बाजूने एकेकीला टिपून सगळ्यांचा फडशा पाडला असता. पण तिथे कुणी नसायचं. कचऱ्याची गाडी कोंडीत सापडायची आणि तिचा धूर निघायचा. दरवेळी. इतकी हुशार खेळणारी, आणि दरवेळी तिथेच जाऊन मरायची.

एकदा तशीच ती गाड्या मागे घेऊन निघाली आणि ओरडली, ‘‘ये, ये ना रे, आणलेत बघ मी.’’

मास्तर गडबडीने म्हणाले, ‘‘आलो, आलो,’’ आणि रुग्णवाहिका भलत्याच दिशेला वळवली.

‘‘तुम्हाला नाही हो म्हटलं,’’ ती म्हणाली. नजर पडद्यावरच होती. तोंडातून निघून गेलं, तिला कळलंसुद्धा नाही.

मास्तरांना मात्र ते असं लागलं की विचारू नका. आपल्याला अहो, त्याला अरे. आपल्याला बस म्हणून पाट मांडून दिलेला, आणि तो घरभर उंडारतोय. मास्तरांनी बायकोला काही म्हणून विचारलं नाही. विचारायचं काय? तू अजून कुणाला हाका मारतेस? उत्तर तर माहीत होतं.

आणि इथे मास्तरांचं मास्तरपण आडवं आलं. गाडी चालवणाऱ्याची सवय खोटं बोलत नाही, हा त्यांचा लाडका सिद्धांत. कुणी सारखा डाव्या आरशात बघत असेल, तर त्या बाजूने त्याला कधीतरी कुणीतरी घासून गेलेलं असतं. कुणी गाडी सुरू करताना शेजारच्या सीटवर हात ठेवत असेल, तर तिथे लहान मूल बसत असतं. नुसतं बघून मास्तर ओळखायचे आणि बरोबर निघायचं. त्यांनी खांबाचं कोडंही असंच सोडवलं. बायको दरवेळी तिथेच गाड्या घेऊन जाते, म्हणजे दरवेळी तिथे कुणीतरी असायचं. टॅक्सी खांबामागे थांबायची. ही घेऊन यायची, तो उडवायचा. नणंदेने ऐकलेला आरडाओरडा तो हाच. अशी जोडी होती त्यांची. आणि अजून ती जाते, कारण हाताला सवय आहे आणि मनाला पटत नाही की तो आता नाही.

एकदा हे मनात पक्कं बसल्यावर मास्तरांना दुसरं काही सुचेना. त्यांना काही जग जिंकायचं नव्हतं. त्यांना एकच हवं होतं. त्या खांबामागे आपण असावं, आणि तिने त्या आवाजात आपल्याला हाक मारावी. बस. लग्न झालं, घर झालं, फोटोला खिळा ठोकला, पण त्या घरातली खरी जागा तिथे होती, त्या ठोकळ्यांच्या पुलाखाली, आणि ती दुसऱ्याने अडवून ठेवली होती.

मग सुरू झाला दुपारचा सराव. सकाळची तुकडी सुटली की संध्याकाळच्या तुकडीपर्यंत मास्तर रिकामे, आणि बायको दुकानात. दार लावून, पडदे ओढून हा गृहस्थ कंट्रोलर घेऊन बसायला लागला. आता कसलं उष्टं आणि कसलं काय. घेतली टॅक्सी. सुरुवातीला ती भिंतींवर आपटायची, पाण्यात पडायची. पाय जमिनीवर आपटणं थांबेना. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात गाठून विचारलं, ‘‘मास्तर, रोज दुपारी काय कुटता हो?’’ मास्तर म्हणाले, ‘‘व्यायाम.’’ काकूंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ‘‘चांगलंय’’ म्हणाल्या.

पण चिकाटी मास्तरांची. ज्या माणसाने घाबरट, भांडकुदळ, अर्ध्या झोपेतल्या लोकांना गाडी शिकवली, तो स्वतःला शिकवल्याशिवाय थोडाच राहणार? खांबाच्या सावलीत टॅक्सी कशी उभी करायची, किती मागे, तोफ कुठल्या कोनात, पहिली गाडी जाऊ द्यायची की तिलाच उडवायची, सगळं घोटून घोटून पाठ केलं. रस्त्यावर शिकवतानाही डोक्यात तेच. एक दातांची डॉक्टरीण त्यांच्याकडे शिकत होती. एका चौकात समोरून टेम्पो आला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘‘थांबू का मास्तर?’’

‘‘थांबायचं काय?’’ मास्तर म्हणाले. ‘‘घ्या अंगावर. खांबापर्यंत आणा त्याला.’’

बाईंनी खरंच ॲक्सिलरेटर दाबला, शहाण्या विद्यार्थिनीसारखा. मास्तरांचा पाय वेळेवर ब्रेकवर गेला म्हणून निभावलं. टेम्पोवाला आईबहिणीचा उद्धार करून गेला. मग बाईंनी हळूच विचारलं, ‘‘मास्तर, कुठला खांब?’’ मास्तरांनी उन्हाचं कारण सांगितलं. आकाश ढगाळ होतं.

असे दिवस काढून एका सुट्टीच्या संध्याकाळी मास्तर बायकोशेजारी बसले आणि गाडी निवडायची वेळ आली तेव्हा त्यांनी टॅक्सीवर बोट दाबलं. बायकोने वळून पाहिलं. ‘‘आज टॅक्सी?’’ एवढंच म्हणाली. मास्तरांच्या कपाळावर घाम आला होता. ते म्हणाले, ‘‘रुग्णवाहिकेला फार वेग नाही.’’

डाव सुरू झाला. बायको आपल्या रंगात. एक बंब गेला, एक मोटार गेली. मास्तर इकडेतिकडे उगीच एकदोन गोळे सोडत, तिच्या नजरेत न भरता, हळूहळू पुलाकडे सरकत होते. मग ती वेळ आली. तिने उरलेल्या गाड्यांना डिवचलं, मागे घेतलं आणि निघाली. तिची नजर आपल्या वरच्या अर्ध्या पडद्यावर. खाली बघायचं तिला कारणच नव्हतं. ती पुलाखाली आली, खांब ओलांडला, गर्रकन फिरली, नेहमीसारखी मरायला उभी राहिली.

आणि मास्तरांनी सुरुवात केली. पहिली गाडी त्यांनी पुढे जाऊ दिली, दुसरीला टिपलं, ती तिसरीवर आदळली, दोन्ही भडकल्या. पहिली बावरून वळली तशी तिच्या कुशीत गोळा. पुलाखाली नुसता जाळ. जाळ विझला तेव्हा कचऱ्याची गाडी धडधाकट उभी होती, आणि तिच्यासमोर टॅक्सी. पडद्यावर जिंकल्याची अक्षरं नाचायला लागली.

मास्तरांनी वाट पाहिली. हाक नाही, ओरडणं नाही, हसणं नाही. बायकोने कंट्रोलर मांडीवर ठेवला होता आणि ती त्या टॅक्सीकडे बघत होती.

‘‘तुम्हाला कसं कळलं, तिथे यायचं ते?’’

‘‘तुझ्या चालवण्यावरून,’’ मास्तर म्हणाले. ‘‘तू दरवेळी तिथेच घेऊन येतेस. तो तिथे थांबायचा ना.’’

‘‘कोण?’’

मास्तरांनी भिंतीकडे मान केली.

‘‘तो?’’ ती म्हणाली. ‘‘तो तिथे कधीच थांबला नाही.’’

मास्तरांनी कंट्रोलर खाली ठेवला.

‘‘मी ओरडून ओरडून सांगायचे, तू खांबामागे थांब, मी घेऊन येते. हो हो म्हणायचा. आणि कुठल्यातरी क्रेनवर टॅक्सी चढवून बसलेला असायचा. वरून उड्या मारायला त्याला फार आवडायचं. मी मेले की हसायचा.’’ ती स्वतःही किंचित हसली. ‘‘सगळ्यात तसाच होता. वेळेवर कधी आला नाही कुठे. माझं ऑपरेशन होतं तेव्हासुद्धा नाही.’’

‘‘मग जायचीस कशाला?’’ मास्तरांनी विचारलं. ‘‘येत नाही माहीत होतं, तर दरवेळी तिथे जायचीस कशाला?’’

तिने कंट्रोलरची वायर बोटाभोवती गुंडाळली. मग म्हणाली, ‘‘आज येईल, असं वाटायचं.’’

‘‘दरवेळी?’’

‘‘दरवेळी.’’

आता खरं तर मास्तरांनी उडी मारायला हवी होती. ज्याच्यावर इतके दिवस जळले तो क्रेनवर बसलेला निघाला. खांबामागची जागा त्याची नव्हतीच, कुणाचीच नव्हती, आणि मास्तर तिथे पोचलेले पहिले. दुसरा कुणी असता तर फोटोकडे बघून मिश्यांवरून हात फिरवला असता. पण हेवा म्हणजे काय चीज असते बघा. मास्तरांच्या पोटात जे आधी दुखत होतं त्याच्या दुप्पट दुखायला लागलं. तो कधी आला नाही, तरी ती जात राहिली. इतकी वर्षं. तो मेला, तरी जात राहिली. आणि आपण? आपण जन्मभर वेळेच्या आधी पोचलो. क्लासला, दवाखान्यात, आईच्या उशाशी, हिच्या दुकानाबाहेर. आपल्यासाठी जीव टांगणीला लावायची वेळ कुणावर आली नाही. आज येतील का मास्तर, असं कुणाला कधी वाटलंच नाही.

‘‘लावायचा का अजून एक डाव?’’ बायकोने विचारलं. तिचा आवाज बदलला होता. मऊ झाला होता. तिने कंट्रोलर उचलला, आणि मास्तरांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. एवढं तरी मास्तरांनी बघायला हवं होतं.

डाव लागला. या वेळी ती घाई करत होती. मारामारीत तिला रस नव्हता. पटापट गाड्या मागे लावून घेतल्या आणि पुलाकडे निघाली. ‘‘आणते हं,’’ म्हणाली. सरळ त्यांनाच म्हणाली, काही शंका नको. मास्तरांची टॅक्सी पुलाच्या अलीकडे, लोखंडी पेट्यांच्या थप्पीआड उभी होती. तिथून खांब म्हणजे डोळ्याचं पातं लवायच्या आत. आणि मास्तर जागचे हलले नाहीत.

का हलले नाहीत? त्यांना नेमकं एवढंच बघायचं होतं, की नाही गेलो तर काय होतं. आपल्यासाठी ती किती वेळ थांबते. एकदाच. शत्रूने करावी अशी गोष्ट, आणि हा भला माणूस अंगठा आवळून ती करत होता.

कचऱ्याची गाडी खांबापाशी फिरली आणि उभी राहिली. मागच्या गाड्या पोचल्या. पहिला गोळा बसला. ती पळाली नाही. पळता आलं असतं, डावीकडे वाट मोकळी होती. दुसरा गोळा बसला. धूर निघाला. मग तिने मान खाली केली, पडद्याच्या खालच्या भागात बघितलं. तिथे टॅक्सी होती. धड, मोकळी, पेट्यांच्या आड गप्प उभी.

‘‘तुम्ही पण?’’ ती म्हणाली.

रागाने नाही. राग असता तर बरं होतं. मास्तरांनी कंट्रोलरवरची सगळी बटणं एकदम दाबली, टॅक्सी उसळून निघाली, खांबापर्यंत गेली, आणि तोवर वरचा अर्धा पडदा लाल होऊन विझला होता.

‘‘चुकलं माझं,’’ मास्तर म्हणाले. ‘‘चुकून नाही, मुद्दाम केलं मी. मला बघायचं होतं...’’ काय बघायचं होतं ते त्यांना सांगता येईना. ‘‘अजून एकदा आण. आण ना. मी आहे.’’

‘‘आणते की,’’ ती म्हणाली. डोळे पुसले की चष्मा सारखा केला, मास्तरांना नीट दिसलं नाही. गुडघा तिने बाजूला घेतला नव्हता, पण आधीसारखा टेकलेलाही नव्हता.

पुढचा डाव सुरू झाला तसे मास्तर कुठेही न वळता, एकही गोळा न सोडता थेट पुलाखाली गेले आणि खांबामागे टॅक्सी लावून बसले. एक गाडी अंगावर आली, तिचा मार त्यांनी तिथेच खाल्ला, पण जागा सोडली नाही. लांबवर बायकोची कचऱ्याची गाडी वळली. मागे तीन गाड्या. ती येत होती, पूर्वीसारखीच सुसाट. फक्त पूर्वी तिची नजर वरच्या पडद्यावरून हलत नसे. आता ती दर वळणाला खाली बघत होती. मास्तर खांबामागे तिच्या कितीतरी आधी येऊन उभे होते, तिला ते तिथे दिसतही होते, तरी ती पुन्हा पुन्हा खाली बघत होती.